लाइल ट्वेटन यांच्या कमानीचे पाते चिरले, त्या मोहिमेची हकीकत

विस्कॉन्सिन प्रांती, वेस्टबी कसब्यानजीक जे वर्तमान घडले, ते पाहणारांनी सांगितले आणि सांगणारांनी शपथेवर सांगितले, सबब पदरचे काही न घालता जैसे जाहले तैसे लिहिले असे.

राजमान्य राजश्री लाइल ट्वेटन, उमर एकाहत्तर, दुभत्या गाईंचा सरंजाम विकून घरी बसलेले, यांजपाशी दोरी कप्प्यांवरून फिरे ऐसी एक शिकारी कमान होती, आणि हरणांचा हंगाम शनिवारी खुला व्हावयाचा होता, आणि नाताळापूर्वी उजवा खांदा हकिमाच्या हवाली करणे होते, आणि त्याउपरि कमान ओढणे नाही ऐसे हकिमाने साफ फर्माविले होते. करितां हंगाम अखेरचा. ऐसियास मंगळवारी मेहुणे ग्लेन हेगन गराजात दाखल जाहले, आणि कमान उचलली, आणि तीर न लावताच दोरी कानापर्यंत ओढून सोडिली. तोफ उडावी तैसा आवाज जाहला, कारण तीर नसता दोरीचा सारा जोर कमानीच्या लवत्या पात्यांवर येतो. मग मेहुण्यांनी कमान खुंटीस लाविली आणि घरी जेवण निवते ऐसे निमित्त करून कूच केले.

लाइलरावांस नजरेने काही दिसेना. मग त्यांचे कुटुंब आर्डिसबाई, ज्यांनी तीस वर्षे शाळेत परिचारिकेची चाकरी केली, त्यांनी कापसाचा बोळा घेऊन वरच्या पात्यावरून फिरविला, आणि एके जागी कापूस अडकला.

“पातं चिरलंय,” बाई म्हणाल्या.

“ओरखडा आहे तो.”

“ओढलीस तर तोंडावर फुटेल. मग खांद्याबरोबर नाकही शिवून घे.”

लाइलरावांनी गोंद आणि चिकटपट्टी यांची मसलत योजिली. ती मसलत बाईंस कळून फुटली. मग बाईंचा हुकूम जाहला की, पाती बदलेपर्यंत कमान ओढणे मना, आणि कमान आपल्या मोटारीच्या डिकीत कैद करून किल्ली एप्रनच्या खिशात ठेविली.

बुधवारी उभयता कारागीर केरमिट ब्रेकी यांच्या दुकानी दाखल जाहले. केरमिटने चष्मा लाविला, काढिला, आणि निवाडा दिला की पाती जोडीनेच बदलावी लागतात, आणि ही कमान बारा वर्षांची, कारखाना आता ती पाती घडवीत नाही.

मग तो खाली पाहून म्हणाला, “हेच माप, हीच ताकद असलेली दुसरी कमान या खोऱ्यात एकच. तीही मीच विकली होती.”

“कोणाला?”

“तुला माहितीये कोणाला.”

ती कै. हारलन लॉकेन यांची. हारलन आणि लाइल यांनी एकाच दिवशी कमानी घेतल्या आणि शेजारी बसून शिकार केली. मग एका थोर नर हरणाच्या अंगी दोघांचे दोन तीर निघाले, एक वर्मी आणि एक पाठीवर उंच, वरवरचा, आणि वर्मीचा आपला ऐसे दोघेही म्हणाले, आणि शिंगे लाइलरावांनी नेली, आणि नऊ वर्षे बोलणे बंद. वसंतात हारलन वारले, तेव्हा लाइलराव अंत्यविधीस चर्चच्या शेवटच्या बाकावर बसले आणि नंतरची कॉफी न घेता उठून गेले.

गुरुवारी लाइलरावांनी लॉकेनांच्या फाटकावरून तीन वेळा ट्रक नेला. चौथ्या वेळी हारलनच्या पत्नी बर्नीसबाई रस्त्यात उभ्या राहिल्या.

“पेट्रोल फुकट मिळतंय का? आत ये.”

कॉफी ओतली गेली. लाइलरावांनी पात्यांची अर्जी गुजारली. बाईंनी कप पुढे सारिला.

“हारलनपण तुमच्या दारावरून असाच जायचा. मी म्हणायचे, थांब की. तर म्हणायचा, लाइल घरी नसेल.”

“मी घरीच असायचो,” लाइलराव म्हणाले.

मग बाईंनी तळघरातून कमान आणिली आणि अट घातली की मचाणावर आपणही बसणार.

“चाळीस वर्षं डबे भरले. तिथे नेमकं काय करता ते बघायचंय.”

“काही नाही करत. बसतो.”

“मग बसू.”

शुक्रवारी केरमिटने दोन्ही कमानी शिकंज्यात दाबून हारलनची पाती लाइलरावांच्या कमानीस चढविली, आणि आर्डिसबाईंनी कापूस फिरविला, तो कोठेही अडकला नाही, आणि कैद उठली.

शनिवारी सूर्योदयी लाइलराव आणि बर्नीसबाई मचाणावर चढले, आणि बसले, आणि बर्नीसबाईंनी ताज्या चीजचे खडे काढिले, जे दाताखाली उंदरासारखे चूं करितात, आणि तरीही वीस पावलांवर नर आला. लाइलरावांनी कमान ओढिली. पाती लवली, हूं की चूं केले नाही. बोंब फक्त खांद्याने मारिली. तीर हरणाच्या पाठीवरून वीतभर उंच जाऊन ओकच्या बुंध्यात रुतला. हरणाने दोघांस नीट पाहून घेतले आणि पूर्वेस प्रयाण केले.

“हारलन म्हणायचा, तू नेहमी उंच मारतोस,” बर्नीसबाई म्हणाल्या.

लाइलरावांनी कमान मांडीवर आडवी ठेविली.

“तेव्हाही उंचच लागला होता माझा. तो नर त्याचा.”

“ते आम्हांला ठाऊकच होतं. चीज खा.”

त्याच दिवशी दोन प्रहरी शिंगे लॉकेनांच्या घरी रवाना जाहली आणि लाइलरावांनी खाशा हाताने चार स्क्रूंनी भिंतीस जडविली, आणि एका बाजूस कलती जडविली, आणि बर्नीसबाईंनी ती तैशीच राहू दिली. पाती साबूत, मनुष्य साबूत, हरिण साबूत. येणेप्रमाणे ट्वेटनांची फत्ते जाहली, ती येथे नमूद केली असे.