शरयूचे अकरा गुण

लश्कर आणि मुरार इथल्या दोन वधूवर मंडळांच्या विलयाच्या सभेत ठराव झाला की एका कामाला दोन वस्तू ठेवायच्या नाहीत, आणि गोपाळकृष्णरावांच्या अंगात बळ आलं. लश्करमधल्या खासगी बाजार या पेठेतल्या मंडळाचे ते चिटणीस, आणि मंडळाचं ऑफिस त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत. मुरारच्या मंडळाचं सामान तिथे येऊन पडलं, तसे ते कामाला लागले. भिंतीवरची दोन घड्याळं झाली होती, एक उतरवलं. दोन कपाटं झाली होती, एक शाळेला दिलं. दोन कॉम्प्युटर होते, त्यांतला लश्करचा जुना भंगारात गेला आणि त्याच्या पोटातलं सगळं मुरारच्या नव्यात आलं.

हे शेवटचं काम त्यांच्या मुलीनं, शरयूनं, आणि मुरारच्या शालिनीताईंच्या मुलानं, मधुनं, मिळून केलं होतं. करता करता दोघांचं जमलं. तेहतीस वर्षांच्या शरयूनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला हो म्हटलं होतं! रविवारी शालिनीताई रीतसर बोलणी करायला यायच्या होत्या. शरयूच्या आईची, लीलाबाईंची, अट एकच, गुण जुळले पाहिजेत. दोघांचं जमलं तेव्हाच कॉम्प्युटरनं सत्तावीस दाखवले होते, पण लीलाबाईंना ते छापील कागदावर हवे होते.

गुण काढणारा प्लगइन, म्हणजे मंडळाच्या सॉफ्टवेअरला जोडलेला छोटासा भाग, शरयूनंच लिहिला होता. पण जन्माच्या वेळी चंद्र कुठे होता, हे त्या प्लगइनला स्वतःला काही ठाऊक नसे. ते बाहेरून आणलेल्या एका तयार प्रोग्रामला विचारावं लागे. मुरारचा प्लगइन वेगळा, त्याचा प्रोग्राम मात्र त्याच नावाचा, फक्त नव्या आवृत्तीचा. शरयूनं दोन्ही ठेवले होते आणि पडद्याच्या कडेला चिठ्ठी डकवली होती, ‘दोन्ही लागतात. हात लावू नये.’

गोपाळकृष्णरावांनी चिठ्ठी वाचली. पण ठराव एकमतानं मंजूर झालेला, त्यापुढे चिठ्ठीची काय बिशाद? त्यांनी जुना प्रोग्राम काढून टाकला आणि शरयूच्या प्लगइनला नव्याचा पत्ता दिला. कॉम्प्युटरनं हूं की चूं केलं नाही. खूश होऊन त्यांनी सगळ्या सभासदांना नव्या मंडळाच्या कागदावर पत्रिका पाठवूनही दिल्या.

शनिवारी दुपारी पहिला फोन फूलबागेहून विश्वासरावांचा आला.

“काय हो, आमच्या पोराची रास बदलून टाकली तुम्ही? तीस साल तो वृषभेचा होता!”

“मग आता?”

“मिथुन! आणि ज्या मुलीशी पक्कं झालंय, तिच्या घरी पण हाच कागद पोचलाय!”

असे सात फोन झाले. आठव्यांदा घंटी वाजली तेव्हा गोपाळकृष्णरावांनी रिसीव्हर बाजूला काढून ठेवला आणि शरयू-मधुचा कागद छापला. गुण अकरा. खाली नाडीदोष.

कागद नेमका लीलाबाईंच्या हातात पडला. “अकरा? मी शालिनीताईंना ‘नाही’ म्हणून कळवते.”

“आई, रुक तो जा!” शरयू धावत आली. तिनं पडद्यावर नजर टाकली आणि डोक्याला हात लावला. “बाबा, तुम्ही जुना हटवून दिला? तो आपल्या इथली वेळ धरायचा, नवा ग्रीनिचची धरतो. पूरे साडेपाच तासांचा फरक! तेवढ्यात चंद्र केवढा सरकतो!”

तिनं दहा मिनिटं खटाखट टायपिंग केलं आणि नवा कागद काढला. सत्तावीस.

लीलाबाई दोन्ही कागद धरून उभ्या राहिल्या. “वा! मुलीनं स्वतःच्या लग्नाचे गुण स्वतःच वाढवून घ्यायचे? मला एवढी खुळी समजलीस?”

शरयूच्या डोळ्यांत पाणी आलं. गोपाळकृष्णरावांना स्वतःची भारी लाज वाटली. पोरीनं इतक्या वर्षांनी पसंत केलेला मुलगा त्यांनी टापटिपीच्या नादात घालवला होता.

“शरयू, तुझी दुरुस्ती काढ,” ते म्हणाले. “आता आमच्या दोघांच्या जन्मवेळा घाल. लीला, लग्नाच्या वेळी जोशीबुवांनी पत्रिका बघून आपले एकतीस गुण काढले होते ना? हे मशीन काय बरळतं बघच तू.”

कागद बाहेर आला. साडेसात.

“बघितलंस?” गोपाळकृष्णराव विजयानं म्हणाले. “साडेसात! मशीन साफ खोटं बोलतंय!”

लीलाबाईंनी चष्मा लावला. कागद वाचला. नवऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे.

“तरीच,” त्या म्हणाल्या.

“अगं, पण हे चुकीचं...”

“चुप बसा हो. अडतीस वर्षं मी म्हणतेय, एकतीस गुण असून असं कसं? उगीच स्वतःला दोष देत राहिली.” त्यांच्या मनावरचा मोठा भार उतरल्यासारखा दिसला. “शरयू, फोन लाव शालिनीताईंना. साडेसातावर माझी अडतीस वर्षं निघाली, तुझे तर अकरा आहेत. उद्या या म्हणावं, पुरणपोळी करते.”

त्या आत गेल्या. शरयूनं आनंदानं बाबांचा हात दाबला. पण गोपाळकृष्णरावांचं तोंड उतरलं होतं.

“दुरुस्ती परत लाव ना गं,” ते हळूच म्हणाले. “आमचे खरे किती येतात, बघू तरी.”

शरयूनं दुरुस्ती लावली. आकडा पाहिला आणि पटकन पडदा बंद केला.

“छोड़ो ना बाबा,” ती म्हणाली. “साडेसात चांगले आहेत.”