टिडवेलांच्या घरचं लग्न आणि बाद फेरी

अमेरिकेतल्या अलाबामात लग्नाचा मुहूर्त कॉलेज फुटबॉलचं वेळापत्रक काढतं. मोसमात सामने शनिवारी असतात; त्या दिवशी कुणी लग्न ठेवलंच, तर लोक आहेर पाठवतात, स्वतः फिरकत नाहीत. म्हणून होलिस टिडवेलने लेकीचं, रेनीचं लग्न डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी धरलं.

“तोवर मोसम संपतो, त्या दिवशी मॅच असूच शकत नाही,” तो छातीठोकपणे म्हणाला. “माझ्यावर सोडा.”

होलिसचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, पण खरा धंदा म्हणजे भांडण. त्याच्या लाडक्या बेल्टन विद्यापीठाने एका वर्षी एकही सामना गमावला नाही, तरी पत्रकारांनी आणि प्रशिक्षकांनी मतं देऊन दुसऱ्यालाच चॅम्पियन केलं. तेव्हापासून दर सोमवारी तो रेडिओवरच्या फुटबॉलच्या कार्यक्रमात फोन लावून निवेदकाचं डोकं खाई. “चॅम्पियन मतं मोजून ठरवायला ही काय शेरीफची निवडणूक आहे? बाद फेरी घ्या. आणि आमच्या मैदानावर घ्या!”

शेवटी त्याचंच खरं झालं. बाद फेरी आली आणि त्या वर्षी बेल्टनही तिच्यात पोचलं. घोषणा ऐकून होलिस सोफ्यावर चढून नाचला. पुढची ओळ ऐकून उतरला. पहिला सामना बेल्टनच्या मैदानावर होता, डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी.

त्याची बायको वर्नेल उठली. तिने फक्त टीव्ही बंद केला.

मग फोन सुरू झाले. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंची अचानक कंबर धरली. केकवालीने केक आदल्या दिवशी नेता का विचारलं. खुद्द पाद्री घसा खाकरत म्हणाले, “होलिस, मी देवाचा माणूस आहे. पण स्टेडियममध्ये माझी जागा अगदी मधल्या रेषेसमोर आहे.”

होलिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने रेडिओला फोन लावला. “ही बाद फेरी म्हणजे शुद्ध थोतांड आहे. मतं देणारे जाणते लोक होते, त्यांचं काय वाईट चाललं होतं?”

“आपण कोण बोलताय?” निवेदकाने विचारलं.

“टेनेसीहून एक सद्गृहस्थ.”

“होलिस, आवाज ओळखतो मी तुझा.”

मग त्याने काळजावर दगड ठेवला. त्या सामन्याची घरात असलेली चारही तिकिटं शेजाऱ्याला देऊन टाकली आणि जेवताना जाहीर केलं, “लेकीच्या लग्नापुढे फुटबॉल काय चीज आहे?”

रेनीचा चेहरा उतरला. “डॅडी, चारही दिलीत? अहो, लग्न आम्ही कालच पुढं ढकललं. एक जानेवारीला. लहानपणी दर शनिवारी खांद्यावर बसवून मला स्टेडियमवर कोण न्यायचं? लग्नाआधी एकदा तुमच्या शेजारी बसून मॅच बघायची होती मला.”

होलिसला हुंदका आला. लेकीच्या मायेने आला की तिकिटांच्या आठवणीने, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

शनिवारी सगळे घरी टीव्हीसमोर बसले. होणारा जावई ट्रॅव्हिसही होता. जवळच्याच स्टेडियममधला गलका खिडकीतून आत येत होता आणि बेल्टन चांगलंच पुढे होतं. पण होलिसचं तोंड पडलेलं.

“जिंकतोय ना आपण? मग?” वर्नेलने विचारलं.

“पुढची फेरी एक जानेवारीला आहे.”

ट्रॅव्हिस चपापला. “म्हणजे आमचं लग्न कधी?”

“संघ हरला की,” बाप-लेक एका सुरात म्हणाले. टीव्हीवरची नजर दोघांनीही हलवली नाही.

थोड्या वेळाने प्रतिस्पर्ध्यांनी बेल्टनचा चेंडू हिसकावला, तेव्हा खोलीत एकच टाळी वाजली. ट्रॅव्हिसची.

होलिस ताडकन उभा राहिला. “हा पोरगा पसंत कुणी केला?”

“घरात मतं घेतली होती,” वर्नेल शांतपणे म्हणाली. “तिघांपैकी आम्हा दोघींची पडली त्याला.”

“मग वीस वर्षं मी काय कंठशोष करतोय?” होलिस गरजला. “मतांवर विश्वास ठेवू नका म्हणून!”