कोऱ्या अर्जांची पोच

सार्वजनिक रस्ते स्वच्छ ठेवण्यासाठी नगरपालिकेने नवे नियम केले आणि अर्ज वाटून त्यावर रहिवाशांचे मत मागवले. नियम वाचून टेलरमास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकी सगळे ठीक होते, पण सातव्या कलमात कोपऱ्यावरची कचराकुंडी उचलून थेट त्यांच्या दुकानासमोर ठेवली होती.

"गिऱ्हाइकांनी काय नाक दाबून मापं द्यायची?" मास्तरांनी कात्री आपटली.

"अहो, माझ्यावर कशाला ओरडता? त्यांनी मत विचारलंय ना, मग लिहा की त्यांना," बायको म्हणाली.

मास्तरांनी अर्जाच्या दोन्ही बाजू भरल्या, समासही सोडला नाही. मग अर्ज द्यायला म्हणून दार उघडतात तर काय, घरोघर वाटलेले कोरे अर्ज गल्लीभर उडत होते! समोरच्या किराणावाल्याने तर एकाला चपलेचा चिखल पुसून तो मास्तरांच्याच पायरीवर टाकला होता. स्वच्छतेबद्दल मत मागवायचे आणि त्याच कागदांचा कचरा करायचा, लाजच नाही लोकांना! मास्तरांनी झाडू घेतला, वाकून वाकून सगळे अर्ज गोळा केले, जुन्या चादरीत त्यांचे गाठोडे बांधले आणि तडक नगरपालिका गाठली.

"हे घ्या तुमच्या नागरिकांचं मत!" आपला भरलेला अर्ज कारकुनाच्या हातात देऊन त्यांनी गाठोडे टेबलावर आदळले. "रस्त्यात लोळत होतं!"

कारकुनाने जेवणाचा डबा कसाबसा वाचवला. "बरं, ठेवा तिकडे कोपऱ्यात."

"कोपऱ्यात? म्हणजे संध्याकाळी रद्दीत! ते चालायचं नाही. एकेक मोजा, नोंदवहीत चढवा, शिक्का मारा. पोच घेतल्याशिवाय मी इथून हलायचा नाही!"

"काका, कशाला उगाच..."

"साहेबांकडे जाऊ?"

बिचाऱ्याने डबा झाकला आणि तीनशे बारा शिक्के मारले. मास्तरांनी नोंदवहीत झोकात सही ठोकली आणि पोच खिशात घालून ते छाती काढून घरी आले. प्रशासनाला कसे सरळ केले, हे बायकोला दोनदा ऐकावे लागले.

पंधरा दिवसांनी सभा भरली. साहेबांनी वाचले, "कलम सात. हरकत एक. संमती तीनशे बारा. मंजूर."

"कुणाची संमती?" मास्तर ताडकन उठले.

"तळटीप वाचली नाहीत का? कोरा अर्ज परत आला की संमती धरायची. प्रत्येकावर घरक्रमांक छापलेला आहे."

"अहो, पण ते मी आणले! रस्त्यावरनं!"

"तेच सांगतोय मी सगळ्यांना! इतर वॉर्डांत दहासुद्धा परत आले नाहीत. मास्तरांसाठी टाळ्या होऊ द्या!"

टाळ्या झाल्या. किराणावाला तर उभा राहून वाजवत होता.

चार दिवसांत कुंडी दारात आली. गिऱ्हाइके दुसऱ्या टेलरकडे वळू लागली, तसे मास्तर पुन्हा नगरपालिकेत जाऊन भांडले, इतके की साहेबांनी हात टेकले. "कुंडी हलवावी असा नवा प्रस्ताव काढतो. पुन्हा अर्ज वाटू. पण निम्मे तरी परत यायला हवेत हं."

मास्तर मनातल्या मनात हसले. कोरा अर्ज म्हणजे संमती! भरायला सांगा कुणाला? उलट लोकांनी खुशाल फेकावेत.

अर्ज वाटले त्या दिवशी मास्तर झाडू आणि चादर घेऊन सकाळपासून दारात उभे राहिले. दुपार झाली तरी रस्त्यावर एक चिटोरा उडेना. कुंडी हाताशी आल्यापासून गल्लीला शिस्त लागली होती. एकेक जण येई, मास्तरांना हसून हात करी आणि कोरा अर्ज भाजीच्या देठांसकट नीट कुंडीत टाकून जाई.

मास्तरांचा संताप संताप झाला. इतकी वर्षे कानीकपाळी ओरडलो तेव्हा कुठे गेली होती ही अक्कल? त्यांनी बाह्या सरसावल्या, श्वास रोखला आणि ते कमरेपर्यंत कुंडीत वाकले.

"मास्तर," मागून किराणावाल्याचा आवाज आला, "जरा बाजूला होता का? कचरा रस्त्यावर टाकायला बरं नाही वाटत."