सामान दुकानातच राहू द्या

मेश्राम काका नवा शर्ट फक्त अमावास्येला घालतात. इथल्या लिटिल इंडियातल्या, म्हणजे भारतीय वस्तीतल्या, किराणावाल्याकडून ते दरवर्षी राहुकाळ छापलेलं कॅलेंडर मागून आणतात आणि राहुकाळ बघूनच घराबाहेर पडतात. म्हणजे तो सुरू झाला की पडतात. "शुभ मुहूर्ताला सगळं जग बाहेर असतं. अशुभ वेळेला बसमध्ये बसायला जागा मिळते," असं त्यांचं म्हणणं.

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे नागपूरचे. उभा जन्म जहाजांच्या इंजिनात काढला, चीफ इंजिनिअर म्हणून इथेच निवृत्त झाले आणि इथेच राहिले. घरात ते आणि काकी, दोघंच. पण जहाज काही डोक्यातून गेलेलं नाही. स्वयंपाकघराला अजून गॅली म्हणतात आणि कुठलीही वस्तू दाखवली की पहिला प्रश्न, "याचा स्पेअर कुठंय?" आमच्या लग्नाचा फोटो बघूनही त्यांनी हेच विचारलं होतं, आणि निखिल, म्हणजे माझा नवरा, उगीचच हसला होता.

मी मूळचीच चिडकी. त्यात गेल्या वर्षी गरोदर होते, तेव्हा तर विचारूच नका. इथे पद्धत अशी की होणाऱ्या आईने दुकानाच्या साइटवर बाळाच्या सामानाची यादी करून ठेवायची आणि मित्रमंडळींनी त्यातली एकेक वस्तू घ्यायची. बेबी रजिस्ट्री म्हणतात तिला. एका मोठ्या दुकानाची यादी मी दहा मिनिटांत भरली. आई पुण्याहून अगदी ऐन वेळेला पोचणार होती, त्यामुळे मला आठव्या महिन्यात सगळं घरात हवं होतं, धुऊन, घड्या घालून. तेवढ्यात काकींनी दिलेले डिंकाचे लाडू घेऊन काका आले आणि लॅपटॉपसमोर उभेच राहिले.

"पाळण्यापासून पायमोज्यांपर्यंत सगळं एकाच दुकानातून?"

"सोयीचं पडतं, काका."

"सोय कुणाची? त्या दुकानाला तू माहीत नाहीस. तुझा ऑर्डर नंबर माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन हजर. दोन मैत्रिणींनी चालवलेली एक स्वतंत्र साइट त्यांनी शोधून काढली होती. कुठल्याही छोट्या दुकानातली वस्तू तिच्या यादीत टाकता येते. त्यातल्या एकीशी काका फोनवर पाऊण तास बोलले होते. वस्तू घेतली गेली तरी दुकानातच राहू शकते का? किती दिवस? परत केली तर कारण द्यावं लागतं का? बिचारीने सगळी उत्तरं दिली. मला वाटलं, इंजिनिअर माणूस, खोदून विचारायची खोडच असते. मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर ते उद्या पुन्हा आले असते.

मग दर शनिवारी आमची वरात निघू लागली. सेरंगून रोडवरच्या तमिळ शिंप्याकडे मी बारा झबली सांगितली. काकांनी "स्पेअर" एवढंच म्हटलं आणि ती चोवीस झाली. ईस्ट कोस्टजवळच्या चिनी सुताराकडे काका टॉर्च घेऊन चक्क पाळण्याखाली झोपले. सुतार माझ्याकडे बघत होता, मी छताकडे. एका छोट्या दुकानदाराने बाबागाडी चालवून बघायला दिली, तर काकांनी तीत तांदळाचं दहा किलोचं पोतं निजवलं आणि समुद्राकाठच्या बागेत अर्धा तास फिरवलं. एक म्हातारी बाळ बघायला कौतुकाने वाकली. आत बासमती. काकांनी तिला गंभीरपणे सांगितलं, "स्लीपिंग."

यादीत प्रत्येक दुकानाची माहितीही तेच लिहीत. शिंप्याखाली लिहिलं होतं, "तीस वर्षं एकच मशीन. आवाज ऐकला. ठणठणीत." निखिलच्या ऑफिसमधली पोरं म्हणायची, तुमची यादी वाचायला मजा येते, झबली नंतर घेऊ.

पण घेतली त्यांनी. एकेक करून सगळं घेतलं गेलं आणि घरात मात्र सुतळीचा तोडासुद्धा आला नाही. काकांचा हुकूमच होता, सामान दुकानातच राहू द्या. गोधड्या शिवणारी मलाय मावशीही त्यांना सामील. मी गोधडी मागितली तर इथल्या लकबीत म्हणाली, "बेबी कम फर्स्ट, ला." मी काकांपुढे कुरकुरले की ते म्हणायचे, "घाई कायची? जहाज लागल्यावर माल चढवतात." माझे रिकामे खण मी रोज उघडायचे आणि रोज जोरात आपटायचे.

आठवा महिना संपत आला आणि माझं डोकं फिरलं. मी परस्पर सुताराला फोन करून पाळणा मागवून घेतला. दाराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये तो ठेवून सुतार गेला आणि समोरचं दार उघडलं. काका पाळण्याकडे बघत राहिले, मग मागे वळून त्यांनी आपलं दार घाईघाईने ओढून घेतलं.

"हा परत पाठव."

माझा तोल सुटला. "काका, अमावास्येला शर्ट घालता, शिंक आली की मुद्दाम निघता, आणि बाळाआधी पाळणा आला तर घाबरता? आमच्या आजेसासूबाई बऱ्या, त्या निदान उघड घाबरायच्या."

काका चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"मी नाही मानत तसलं काही," ते हळू म्हणाले. "पाळण्याने काही होत नसतं. तुझं सगळं नीट होणार आहे. या दिवसांत तुला हे सांगायचंच नव्हतं." मग पाळण्याच्या कडेवर हात ठेवून एवढंच बोलले, "आमच्या वेळी मी जहाजावर होतो. जे बंदर लागेल तिथून एकेक वस्तू पाठवायचो. घर भरून टाकलं होतं. मूल गेलं, आणि मला घरी पोचायला दोन महिने लागले. ते दोन महिने ही त्या सामानात एकटी होती. परत करणार कुणाला? कुठलं दुकान, कुठला देश. मी आलो तेव्हाही सगळं तसंच होतं, घड्या घातलेलं."

काकांनी कडेवरचा हात काढून घेतला.

"म्हणून म्हटलं, सामान अशा माणसाकडे असावं जो विचारणार नाही. सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय. मी नेलं तर नेलं. नाही नेलं तर फोन करायचा नाही, कारण विचारायचं नाही. सगळे हो म्हणाले. मोठ्या दुकानात हे कुणाला सांगू?"

मला रडू आलं आणि स्वतःची लाज वाटली. तोंडातून निघणार होतं की पाळणा तोवर तुमच्याकडे ठेवते. त्या ओढून घेतलेल्या दाराकडे बघितलं, आत काकी होत्या, आणि जीभ चावली. सुताराला पुन्हा फोन लावला. तो तासाभरात आला, पाळणा उचलला, मला म्हणाला, "ड्रिंक मोअर वॉटर," आणि गेला. कारण विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी तिला घेऊन घरी आलो तर आमच्या जेवणाच्या टेबलाशी काका यादी आणि फोन घेऊन बसलेले. आई आत पाणी तापवत होती. मी लेकीला काकींच्या मांडीवर दिलं. काकींनी तिचं हॉस्पिटलमधलं अंगडं सारखं केलं आणि मग तिच्याकडे बघतच राहिल्या.

काकांनी पहिला फोन शिंप्याला लावला. "मेश्राम. यस. सेंड." दुसरा मावशीला. "सेंड." मग बाबागाडीवाला, मग गादीवाला. अभिनंदनं ऐकून घ्यायलाही थांबत नव्हते, एकावर काट मारली की दुसरा नंबर. शेवटचा राहिला सुतार. फोन लागला, पलीकडून दोनदा हॅलो आलं. फोन कानाला धरून काका नुसते बसून राहिले.

काकींनी लेकीला एका हाताने छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन घेतला.

"आणा," त्या म्हणाल्या. "मुलगी आहे."

काकींना इंग्रजी येत नाही आणि सुताराला मराठी. पाळणा अर्ध्या तासात आला.