मिक्सरवाल्यांचा ब्रेक आणि वहिनींचा होकार

वहिनींनी आयुष्यात नवस पुष्कळ केले, पण सगळ्या घराला हादरे देणारा नवस त्यांनी एका उतारावर केला.

तसं नवसाला त्यांना मोठं निमित्त लागत नसे. गॅस संपत आला की नवस, मुलीचा गणिताचा पेपर असला की नवस. आणि बोललेला नवस त्या फेडत, हे महत्त्वाचं. सासूबाईंची हरवलेली कवळी सापडावी म्हणून त्यांनी एकदा घरादाराची साखर महिनाभर बंद केली होती. (कवळी साखरेच्या डब्यात होती. महिनाभराने सापडली.) एकच पथ्य त्या कडक पाळत: नवस कोणाला सांगायचा नाही. सांगितला की त्याचं फळ जातं, अशी त्यांची श्रद्धा.

वहिनींच्या नवऱ्याला सगळे मिक्सरवाले म्हणत. बांधकामावर काँक्रीट कालवायचं दोन चाकांचं ते अवजड धूड ते भाड्याने देत, आणि आपल्या पिकअपच्या मागे जोडून स्वतः पोचवत. त्या दिवशी वहिनी शेजारी बसल्या होत्या. उतार लागला, मिक्सरवाल्यांनी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग असं थरथरू लागलं की त्यांच्या गालांनाही ताल सापडला. गाडी थांबेना. मागून मिक्सर ढकलतोय, समोरून सलूनची काच जवळ येतेय.

वहिनींनी डोळे मिटले. "देवा, एवढी गाडी थांबव. अकरा दिवस ह्यांच्या शब्दाला नाही म्हणणार नाही."

काचेपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. आतल्या गिऱ्हाइकाने अर्ध्या दाढीनिशी दोन्ही हात वर केले होते. मिक्सरवालेही डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. पण नवऱ्याचं पुटपुटणं वहिनींनी लग्नानंतर पहिल्या वर्षातच ऐकायचं सोडलं होतं.

गाडी गॅरेजात गेली. तिथल्या मेकॅनिकला सगळे फोरमन म्हणत. त्यांनी चाक काढून आतली लोखंडी डिस्क मोजली. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी पॅड जिला चिमटीत धरतात, ती ही डिस्क.

"झिजून पार पापुद्रा झालाय," फोरमन म्हणाले. "पुढची जोडी बदला, पॅडसकट. नुसतं मिरवायला गाडी असती तर काहीही चाललं असतं. तुम्ही मागे डोंगर बांधून फिरता. साधी, जाड, मधल्या पोकळीतून वारा खेळेल अशी डिस्क आणा. फार महाग नको, फार स्वस्तही नको. आणि तोवर ओढकाम बंद."

इतकं साधं काम. दुसऱ्या कुठल्याही आठवड्यात ते तासाभरात उरकलं असतं, कारण त्या घरात खरेदीची एक पद्धत होती. मिक्सरवाल्यांनी दुकानातली सर्वांत झगमगीत वस्तू हातात घ्यायची, "घेऊ का गं?" विचारायचं, वहिनींनी "काही नको" म्हणायचं. मग मिक्सरवाले सुस्कारा सोडून कामाची वस्तू घ्यायचे आणि वर गावभर सांगायचे, "माझ्या मनात होतं हो, पण हिने घेऊ दिलं नाही." बावीस वर्षं संसार असा सुरळीत चालला होता.

संध्याकाळी ते मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आले.

"हे बघ. छिद्रंछिद्रं पाडलेल्या डिस्क. शर्यतीच्या गाड्यांना असतात म्हणे. निम्म्या किमतीत आहेत. घेऊ का?"

'काही नको' वहिनींच्या ओठांपर्यंत आलं होतं. त्यांनी ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

"घ्या."

"घेऊ?"

"घ्या की."

"अगं, छिद्रांच्या आहेत!"

"असू देत. तुम्हाला आवडल्यात ना?"

मिक्सरवाले उलट्या पावली बाहेर गेले. "आई," ते दबक्या आवाजात म्हणाले, "हिला बरं नाहीये."

सासूबाईंनी येऊन सुनेच्या कपाळाला हात लावला, जीभ बघितली. "ताप नाही. डोक्यात राग दिसतोय. काय केलंस रे?"

"काही नाही गं!"

"मग त्याचाच असेल."

डिस्क आल्या. फोरमननी एक उचलून डोळ्याला लावली आणि तिच्या छिद्रांतून मिक्सरवाल्यांकडे पाहिलं. "ही चाळण कोणी सांगितली? ओझं ओढताना तापेल आणि या भोकापासून त्या भोकापर्यंत तडा जाईल. परत करा."

त्या परत होत नव्हत्या. निम्म्या किमतीचं कारण तेच होतं.

दुसऱ्या दिवशी मिक्सरवाले भंगार बाजारातून फोन करत होते. "अगं, इथे वजनावर मिळतायत. कंपनीचं नाव नाही, पण माणूस सज्जन वाटतो. घेऊ का?"

वहिनींनी देवाकडे पाहिलं. देव नेहमीसारखा शांत होता. "घ्या," त्या म्हणाल्या. आवाज थोडा चिरका आला एवढंच.

त्या डिस्क तर चाकाला बसेचनात. चार बोल्टच्या होत्या, गाडीचं चाक सहा बोल्टचं. ("दोन बोल्ट तर कमी पडतायत," मिक्सरवाले म्हणाले. फोरमन त्यांच्याशी त्या दिवशी पुढे बोलले नाहीत.) सासूबाईंनी आधीच्या दोन आणि या दोन, अशा चारही डिस्क गॅलरीत कुंड्यांखाली मांडल्या. एवढं भक्कम बूड इमारतीत दुसऱ्या कुठल्याच झाडाला नव्हतं.

आता मिक्सरवाल्यांना घाबरं व्हायला लागलं. माणसाने आयुष्यभर ज्या भिंतीला पाठ टेकली ती भिंत एकदम सरकावी, तसं त्यांचं झालं. जेवताना ते मुद्दाम म्हणाले, "मी म्हणतो, मिक्सर विकून होडी घ्यावी."

"घ्या," वहिनी म्हणाल्या.

"इथे पाणी कुठे आहे?"

"बघा आसपास."

"बरं, मावशीला कायमचं राहायला बोलावतो."

"बोलवा."

"नाही!" हे सासूबाई ओरडल्या. "माझी सख्खी बहीण आहे, म्हणूनच सांगते. नाही!"

नवव्या दिवशी सकाळी बांधकामावरून फोन आला. स्लॅब टाकायचा होता, मजूर येऊन बसले होते, दुसरा मिक्सर ऐन वेळी बंद पडला होता. जागा त्याच उताराच्या पायथ्याशी. मिक्सरवाले हो-हो करत राहिले, मग फोन ठेवून खिळ्यावरची किल्ली काढली.

"माणसं खोळंबलीत," ते म्हणाले. "जुन्याच डिस्कवर एक खेप मारून येतो. हळू नेतो. जाऊ का?"

वहिनी पोळ्या लाटता लाटता उठल्या. दोन दिवस राहिले होते, फक्त दोन. बोललेला नवस त्यांनी कधी मोडला नव्हता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात, हातात किल्ली, आणि डोळे असे लागलेले की जणू निकाल ऐकायला उभे आहेत. नवस ह्या माणसासाठीच तर केला होता. तो पाळला आणि माणूसच उतारावरून आला नाही, तर पुढचे नवस कोणासाठी करायचे?

"नाही!"

हा 'नाही' नऊ दिवसांचा साठलेला होता. वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी हातून भांडं पडलं.

"नाही जायचं! ती चाळण घ्यायची नव्हती! ते भंगार आणायचं नव्हतं! होडी तर मुळीच नाही! ठेवा ती किल्ली!"

मिक्सरवाले मटकन खुर्चीवर बसले. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. "आई," त्यांनी हाक मारली, "हिला बरं वाटतंय!"

मग सगळं बाहेर आलं. वहिनींनी रडत रडत आपला नवस सांगितला. तो ऐकून मिक्सरवाल्यांचा चेहरा पांढरा पडला.

"अगं, मीही केला होता. त्याच उतारावर. गाडी थांबू दे, अकरा दिवस हिला विचारल्याशिवाय काही करणार नाही आणि ही म्हणेल तेच करीन. मला तरी ती चाळण कुठे हवी होती? तू 'घ्या' म्हणालीस! होडीचीसुद्धा चौकशी चालू होती!"

"आणि आत्ता मी 'जा' म्हटलं असतं तर?"

मिक्सरवाल्यांनी किल्ली परत खिळ्याला अडकवली. "गेलो असतो," ते म्हणाले. "नवस होता ना."

सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "देवाने एकाच गाडीसाठी दोन नवस ऐकून घेतले," त्या म्हणाल्या, "त्याचीही कमाल आहे."

बांधकामवाल्यांना फोन गेला. ते रागावले, आणि उद्यावर राजी झाले. वहिनी स्वतः मिक्सरवाल्यांना घेऊन दुकानात गेल्या, फोरमननी लिहून दिलेलं माप काउंटरवर ठेवलं आणि साध्या, जाड, मधल्या किमतीच्या डिस्क पॅडसकट घेतल्या. मिक्सरवाल्यांनी शेल्फावरची लाल रंगाची जोडी नुसती उचलली. "काही नको," वहिनी म्हणाल्या. केवढा गोड सुस्कारा सोडला मिक्सरवाल्यांनी!

फोरमननी डिस्क बसवल्या आणि बजावलं, आधी रिकामी गाडी फिरवा, हलके हलके ब्रेक मारून पॅड बसू द्या, मग ओढा. आणि उताराला गिअर खालचाच ठेवा. मिक्सरवाल्यांनी सगळं तंतोतंत केलं. दुसऱ्या दिवशी मिक्सर जोडून दोघं त्या उतारावर आले. स्टिअरिंग स्थिर, पायाखाली ब्रेक शहाण्या मुलासारखा. तरी सवयीने वहिनींचे डोळे मिटले आणि ओठ हलले.

कच्चकन ब्रेक लागला. गाडी जागच्या जागी उभी.

"मनात नको," मिक्सरवाले म्हणाले. "काय असेल ते मोठ्याने."

फळ गेलं तर जाऊ दे, असं ठरवून वहिनींनी खणखणीत आवाजात सांगितलं, "देवा, ह्यांना सुखरूप ठेव. मी महिनाभर चहा सोडते."

तेव्हा बायांनो, तुम्हीही नवस जरूर करा, देव ऐकतो. फक्त वहिनींसारखा मोठ्याने करा, शेजारच्या सीटपर्यंत पोचेल असा. देवाला मनातलंही कळतं. मिक्सरवाल्यांनी मात्र सगळ्यातून 'चहा' एवढंच ऐकलं आणि ते गिअर टाकत म्हणाले, "चहा ना? चल, उतरलो की लगेच घेऊ."