मेनूतली पत्रिका

एकाच कागदाच्या दोन प्रती दिसल्या की वामनरावांना अन्न गोड लागत नसे. मेहकरच्या एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांची उभी हयात गेली होती आणि जास्तीची प्रत नष्ट करणे हे ते पुण्यकर्म समजत. (मूळ प्रत शोधणे हे काम दुसऱ्या टेबलाचे.) निवृत्तीनंतर पुण्याच्या मुलाने आपला जुना कॉम्प्युटर घरी आणून दिला, तेव्हा या पुण्यकर्माला नवे क्षेत्र मिळाले.

त्या दिवशी लेक शरयूच्या लग्नाची पत्रिका फ्लॉपीवर घेऊन दुपारच्या एसटीने चिखलीच्या छापखान्यात पोचवायची होती. लगीनसराईत नंबर हुकला तर पत्रिका वरातीतच वाटाव्या लागतील, असे छापखानेवाल्याने बजावले होते. वामनरावांनी वर्ड उघडले, 'फाइल' मेनूवर क्लिक केले, तर खाली पत्रिकेचे नाव हजर. मग सहज फोल्डरात डोकावले, तर तिथेही तेच नाव.

एक पत्रिका, दोन ठिकाणी. वामनरावांच्यातला रेकॉर्ड कारकून ताडकन जागा झाला. मेनूतली हाताशी होती, फोल्डरातली आत कुठेतरी दडलेली. त्यांनी फोल्डरातली डिलीट केली. ती कचऱ्याच्या डब्यात गेलेली दिसली, म्हणून डबाही रिकामा केला. रद्दी साठवायची म्हणजे उंदरांची सोय करायची. खात्री आहे का, असे मशीनने विचारलेसुद्धा. पण न वाचता 'हो' म्हणायची सवय नोकरीतलीच होती.

चहा घेऊन ते परत आले आणि मेनूतल्या नावावर क्लिक केले. पडद्यावर चौकट आली : फाइल सापडत नाही.

हे वाक्य त्यांनी काउंटरपलीकडच्या माणसांना आयुष्यभर ऐकवले होते. आज पहिल्यांदाच ते काउंटरच्या या बाजूला होते.

त्यांनी पुन्हा क्लिक केले, जरा जोरात. वर्ड बंद करून उघडले. मशीन बंद करून उघडले. माउसचा गोळा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. तेवढ्यात त्यांच्या पत्नी पुष्पाबाई आल्या.

"काऊन हो, त्या उंदराचं पोट काऊन फाडलं?"

"पत्रिका उघडून नाही राह्यली."

"काल तं उघडली होती."

"काल दोन होत्या. जास्तीची होती ते काढून टाकली."

"मंग उरलेली उघडा ना."

वामनरावांनी पडद्याकडे नुसते बोट दाखवले. पुष्पाबाईंना इंग्रजी येत नव्हते, पण नवऱ्याचा चेहरा वाचता येत होता. त्यांनी फोन उचलून त्यांच्या हातात दिला. गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा वैजनाथ फोनवर आला.

"घाबरू नका काका. फोल्डरातली आहे ना?"

"ते डिलीट केली. डुप्लिकेट होती."

"काका, मेनूतलं नाव म्हणजे नुसती पाटी हाय. अमक्याचं घर इकडे, एवढंच सांगते ते. तुम्ही घर पाडलं अन् पाटी जपून ठेवली."

"पाटीवरून घर परत नाही बांधता येत?"

"कचऱ्याचा डबा पाहा बरं."

"तो रिकामा केला."

"काऊन?"

"भरला होता ना बे."

वामनरावांनी फोन ठेवला. गणपती, मुहूर्त, स्थळ हे सगळे पुन्हा टाइप करता आले असते. प्रश्न निमंत्रकांच्या नावांचा होता. वामनरावांच्या बहिणीचे यजमान भगवानराव जळगाव जामोदचे. ते घरचे जावई, म्हणून त्यांना पहिले नाव हवे. पुष्पाबाईंचे थोरले भाऊ किसनराव मोताळ्याचे. ते मुलीचे मामा, म्हणून त्यांनाही पहिलेच हवे. महिनाभर रुसवेफुगवे, फोन आणि मध्यस्थ होऊन कसाबसा एक क्रम ठरला होता. त्यात एक नाव इकडचे तिकडे झाले असते, तर लग्नाच्या मांडवात कुस्त्यांचा फड लागला असता.

"क्रम लिहिलेला तो कागद?" पुष्पाबाईंनी विचारले.

"टाइप झाल्यावर बंबात घातला."

पुष्पाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "दादा तं आता मांडवात पाय नाही ठेवत. भावजी ठेवतीन, पन फक्त भांडाले."

मग पुष्पाबाई पदर खोचून उठल्या. "सरका. बसा तिथं. मी सांगतो तसं लिहा. 'आमची कन्या शरयू' इथून सुरू करा."

त्यांनी डोळे मिटले आणि एकेक नाव भांडणासकट बाहेर येऊ लागले. "भगवानराव भावजी पह्यले. जावई हाय, तोंड फुगवून बसले होते. त्याच्याखाली नीळकंठ काका नाही, भाऊराव. काका उजव्या अंगाले, ठळक अक्षरात. ठळक म्हटल्यावरच ते जेवले होते. दादा सगळ्यात खाली, पन चौकटीत एकटे. त्याइनं लाडू परत पाठवले होते, तवा चौकट देली."

वामनराव एका बोटाने टाइप करत राहिले. कोणी फोन आपटला, कोण पंगतीतून उठले, सगळे हिला पाठ. लिहून झाल्यावर त्यांनी पत्रिका फोल्डरात ठेवली, फ्लॉपीवर घेतली आणि दोन्हीकडे सारख्याच धास्तीने पाहिले. एसटी मिळाली.

आठवड्याने पत्रिका छापून आल्या आणि पाहुण्यांकडे पोचल्याही. भगवानरावांनी आपले नाव पहिले पाहून 'छपाई उत्तम' असा निरोप पाठवला. किसनरावांनी चौकटीवर बोट फिरवले आणि आहेराची चौकशी केली. मांडव वाचला.

संध्याकाळी वामनराव चष्मा लावून ओट्यावर बसले आणि पत्रिका त्यांनी प्रथमच निवांतपणे वाचली. वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली.

"अगं, ऐकलं का," ते कसेबसे म्हणाले, "याच्यात माहं नाव कुठं हाय?"

पुष्पाबाईंनी पत्रिका हातात घेतली, दोनदा पाहिली. त्यांचाही चेहरा उतरला. 'आमची कन्या शरयू' म्हणणाऱ्यांत पहिले नाव भगवानरावांचे; या पत्रिकेवरून तर शरयू त्यांचीच मुलगी ठरत होती.

"बाकी सगळ्याईची नावं भांडनानं ध्यानात राह्यली," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या नावासाठी कोनी भांडलंच नाही हो."