खात्याचं नाव नसलेलं कार्यालय

लाच खाणारा कारकून माझ्याइतका चांगला जगात कोणीही करू शकत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. उगाच विनय कशाला! आमच्या कळव्याच्या चाळीत जयंतीला दरवर्षी नाटक व्हायचं. त्यातला सावकार, जमीनदार, खाष्ट सासू ही सगळी कामं केशरबाईंकडे, म्हणजे माझ्याकडे, न विचारता यायची. एका वर्षी सावकार म्हणून मी अशी गरजले की पुढच्या रांगेतल्या बाळाने दूध ओकलं, आणि बाळाचा बाप उठून मला हात जोडून म्हणाला, "देतो, पुढच्या महिन्यात देतो!"

आता म्हणाल, कारकून कसा जमणार? नोकरी तर मी बालवाडीत केली. अहो, पण जन्मभर खिडकीसमोर उभी राहिले ना! रेशनची खिडकी, विजेची खिडकी, हे गेल्यावर पेन्शनची खिडकी. नट आरशासमोर उभे राहून शिकतात, मी खिडकीसमोर शिकले. चष्मा नाकावर कसा घसरवायचा, समोरचा बोलत असताना ड्रॉवरमध्ये काय शोधायचं, "साहेब जागेवर नाहीत" हे साहेबांच्या देखत कसं म्हणायचं, सगळं पाठ!

तर माझ्या या विद्येचा उपयोग व्हायची वेळ आली ती नातीमुळे. मेघना माझी नात, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी तिचा एक दाखला एका टेबलावर अडकला होता. टेबलापलीकडच्या माणसाला काय हवंय ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण महेंद्र, माझा मुलगा, म्हणाला, "द्यायचं नाही." दिलं नाही. दाखला आला, पण शिष्यवृत्तीची तारीख उलटून गेल्यावर! पोर रडली नाही. ती या विषयाच्या मागेच लागली.

यंदा परदेशात तरुणांचा एक मेळावा भरणार होता. देशोदेशीची मुलं एकत्र बसून भ्रष्टाचार मुळात होऊच कसा द्यायचा नाही यावर विचार करणार आणि मग मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय सभेत जाऊन ते मांडणार. मोठ्यांनी आजवर काय दिवे लावलेत ते आपण बघतोच आहोत! जायचं असेल तर एक छोटी फिल्म करून पाठवायची होती.

"आजी, फिल्म निवडली गेली तरच जाता येईल," मेघना म्हणाली. "आणि मला जायचंच आहे. माझ्या दाखल्यासारखे दाखले तिकडेही अडकत असतील ना? ती मुलं काय करतात ते मला विचारायचंय."

फिल्ममध्ये लाचखाऊ कारकुनाचं काम तिच्या कॉलेजातला सुमित करणार होता. गोड मुलगा. तालमीत समोर माणूस आला की हा खुर्चीतून उठायचा आणि म्हणायचा, "बसा ना काका. पाणी घेणार?"

असा कारकून पृथ्वीवर असता तर मेळाव्याची गरजच पडली नसती!

"मेघना, बाजूला हो," मी म्हणाले. "हे पोरांचं काम नाही."

"अगं आजी, तू?"

मी चष्मा नाकावर घसरवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "जेवणाची वेळ आहे. उद्या या."

मेघना दोन पावलं मागे सरकली. भूमिका मला मिळाली.

मेघनाची मैत्रीण दिपिका कोळीवाड्यातली. बाजाराजवळ तिच्या मामाचा एक रिकामा गाळा होता, तिथे आम्ही कार्यालय थाटलं. टेबल, खुर्ची, खडखडणारा पंखा, रद्दीवाल्याकडून आणलेल्या फायलींचे ढीग. इतकं हुबेहूब, की आत शिरल्या शिरल्या माझे गुडघे आपोआप दुखायला लागले!

बाहेर पाटी लावायची होती. मेघनाने बजावलं, "कोणत्याही खात्याचं नाव नको. उगाच एखाद्या खात्याची बदनामी नको." म्हणून दिपिकाने सुरेख अक्षरात फक्त 'कार्यालय' एवढंच लिहिलं.

तिथेच घोटाळा झाला! पाटीवर खातं नाही म्हटल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते आपलंच खातं वाटलं.

फिल्म खरी वाटावी म्हणून मोबाईल फायलींच्या ढिगात लपवला होता. दिपिका कपाटाआड उभी होती. ठरलं असं होतं, की आधी सुमितचे काका अर्ज घेऊन येतील, मी त्यांना छळीन, मग मेघना येऊन मला जाब विचारील. फिल्म पाठवायचा तो शेवटचा दिवस होता, त्यामुळे सगळे घाईत. आणि सुमितच्या काकांना मी कधी पाहिलेलं नव्हतं!

दिपिकाने आतून "चालू!" म्हटलं, आणि दारात एक म्हातारे गृहस्थ आले. डोक्यावर टोपी, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात झाकलेली टोपली. वा, मी मनात म्हटलं, सुमितच्या काकांनी पोशाख छान केलाय!

"काय आहे?" मी ड्रॉवरमध्ये बघत विचारलं.

"मॅडम, मी परशुराम. नळाचं बिल अजून बापाच्या नावानं येतंय. बाप जाऊन धा वर्सं झाली."

"मग ते वेळेवर भरतायत ना?"

"कोन?"

"वडील."

दाराबाहेर कोणीतरी खुसखुसलं. मला चेव आला!

"साहेब जागेवर नाहीत. उद्या या."

"मॅडम, कालपन उद्याच होती, परवापन उद्याच होती," परशुराम म्हणाले. काय संवाद! मेघनाने लिहिलेल्या कागदात हे वाक्य नव्हतं, पण माणसाने ते असं म्हटलं की मी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलंच.

मग त्यांनी हळूच टोपली टेबलावर सरकवली. "घरच्यांसाठी, मॅडम. चिंबोऱ्या."

आता इथे मला जरा थांबू द्या. चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, ही माझी जुनी कमजोरी आहे. आम्ही कळव्यात आलो तेव्हा खाडी अगदी दारात असल्यासारखी होती. मिठागरं उन्हात पांढरी लखलखायची. कोळणी सकाळी टोपल्या घेऊन चाळीत यायच्या, आणि टोपलीत आतून कुरकुर आवाज यायचा. हे म्हणायचे, "केशर, आज डबा नको, मी दुपारी घरीच येतो!" पुढे इमारती वाढल्या, खाडी लांब गेली, आणि तो आवाज कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तो आता टेबलावर येत होता. कुर्र... कुर्र...

माझ्यातला कारकून उठून गेला.

"खाडीतल्या?" मी विचारलं. "अजून मिळतात?"

"रातच्या भरतीला गावल्या. भरलेल्या हायत!"

"बघू," मी म्हटलं आणि झाकण उघडलं.

आणि तुम्हाला सांगते, एका चिंबोरीची दोरी सुटलेली होती! ती बाहेर आली ती थेट पदराला! मी ओरडले. पदर झटकला. तिच्या पाठोपाठ आणखी दोघी निघाल्या. एक फायलींवर चढली आणि साहेबासारखी तिथे बसली. मी खुर्चीवर उभी! परशुराम टेबलाखाली!

"कट! कट!" कपाटाआडून दिपिका किंचाळली. तेवढ्यात दारातून आणखी माणसं आत घुसली, कारण मॅडम टोपली घेतात ही बातमी बाहेर रांगेत पोचली होती.

हो, रांग! आम्हा आतल्यांना कळलंच नव्हतं. बाहेर रांग लागली होती, आणि बिचारे सुमितचे काका तिच्या टोकाला उभे होते!

"मॅडम, रेशनकार्डावरून जावेचं नाव काढायचंय!" मंजुळा नावाची एक बाई ओरडली. "माझं काय ते सांगा, मी आणते!"

"मॅडम, जन्मदाखला!"

"मॅडम, गटाराचं झाकण!"

मागून मेघनाचा आवाज येत होता, "मला आत जाऊ द्या, ती माझी..."

"ए पोरी, लाईनीत ये! आम्ही काय येडे म्हणून उभे आहोत?"

या गोंधळात एक पोरगा मोबाईल उंच धरून उभा होता. पुढे कळलं, त्याचं नाव संदेश. "सगळं रेकॉर्ड होतंय, मॅडम!" तो गरजला. "अख्ख्या कळव्याला दाखवतो! या वयात लाज नाही वाटत?"

"अरे, आधी ती चिंबोरी धर!" मी खुर्चीवरून म्हटलं. त्या व्हिडिओत हे वाक्य फार स्पष्ट ऐकू येतं.

जरा वेळाने माझा फोन वाजला. महेंद्र ठाण्याला एका विमा कार्यालयात काम करतो.

"आई! तू आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आहेस!"

"मी कशाला तुमच्या ग्रुपवर येऊ?"

"आई, तू लाच घेताना दिसतेयस!"

"अरे, घेतलेली नाही अजून," मी म्हटलं, "ती कपाटाखाली पळाली!"



तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि पोलीस हवालदार बाई आत आल्या. कोणीतरी तक्रार केली होती. त्यांच्या मागून, वाट मोकळी मिळाली म्हणून, मेघना एकदाची आत पोचली. केस विस्कटलेले, तोंड लाल.

"ती माझी आजी आहे!" ती ओरडली. "हे ऑफिस नाही! आम्ही फिल्म करतोय! लाचेविरुद्धची फिल्म!"

आता ही माणसं टेबल माझ्या डोक्यात घालणार, असं मला वाटलं. पण परशुराम टेबलाखालून बाहेर आले, गुडघ्यावरची धूळ झटकली आणि अगदी हळू विचारलं,

"म्हंजे हे हापिस नाय?"

"नाही, काका."

"मग माझा नळ?"

मेघनाने माझ्याकडे पाहिलं. फिल्म हातची गेली होती, दिवस संपत आला होता, मेळावा दूर चालला होता. हे सगळं तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. मी खुर्चीवरून उतरायला लागले, तर तिने मला हात दिला, उतरवलं आणि स्वतः त्या खुर्चीत बसली.

"काका, बसा," ती म्हणाली. "अर्ज दिला होता ना? त्याची पोच आहे?"

"पोच?"

"अर्ज मिळाला, असं सही-शिक्का मारून देतात ना, ती."

"मागायची आसते व्हय?"

"मागायची. ठरलेल्या मुदतीत काम करून द्यायचा कायदा आहे, काका. मुदत उलटली तर वर अपील करता येतं. थांबा, आपण इथूनच करू." तिने मोबाईल काढला. "सुमित, काकांचं बिल वाचून दाखव!"

सुमित आला आणि म्हणाला, "बसा ना काका. पाणी घेणार?"

या वेळी कोणी हसलं नाही.

आणि रांग, काय सांगू, हललीच नाही! नाटक आहे म्हटल्यावर लोक घरी जातील असं मला वाटलं होतं. छे! मंजुळाबाई म्हणाल्या, "मग माझ्या जावेचं पण बघ ना, पोरी." दिपिकाने दुसरी खुर्ची ओढली. संदेश लांब उभा राहून आधी संशयाने बघत होता. मग जवळ आला आणि म्हणाला, "जन्मदाखल्याचं मला येतं, मी घरचं केलंय." त्याला तिसरी खुर्ची मिळाली. हवालदार बाई वहीत काय लिहावं या विचारात उभ्या होत्या. मग वही मिटून म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंचं एक काम अडकलंय. मी कोणत्या लाईनीत उभी राहू?"

जाताना परशुरामांनी टोपली पुन्हा पुढे केली. "मॅडम, आता तर तुम्ही कोनीच नाय. आता घ्या."

मला हा मुद्दा फारच पटला! मी हात पुढे केलाही. पण मेघना मान वर न करता म्हणाली, "आजी."

नुसतं "आजी"! मी हात मागे घेतला. तो दिवसातला सर्वांत अवघड अभिनय होता, आणि त्याचं कौतुक कोणीच केलं नाही.

संध्याकाळी मोबाईल फायलींतून काढला तर तो चालूच होता! माझं नाटक, चिंबोऱ्या, पोलीस, त्यानंतरच्या खुर्च्या, सगळं त्यात होतं. नव्याने काही करायला वेळच नव्हता. मेघनाने तेच कापूनकुपून, चेहरे दाखवायला सगळ्यांची परवानगी घेऊन पाठवलं. त्या घाईत 'हे ऑफिस नाही, आम्ही फिल्म करतोय' हे तिचं ओरडणंच नेमकं कापलं गेलं!

काही आठवड्यांनी परशुराम घरी आले. बिलावर स्वतःचं नाव आलं होतं. ते बिल त्यांनी लग्नपत्रिका दाखवावी तसं दाखवलं. आणि त्याच आठवड्यात परदेशातून ईमेलही आली. आमची सून दर्शना स्वयंपाकघरातून धावत आली, महेंद्रने टीव्ही बंद केला, आणि मेघना मराठीत करून वाचू लागली.

"तुमच्या गटाची निवड झाली आहे!"

दर्शनाने टाळ्या वाजवल्या. मी डोळे पुसले.

"पुढे वाच," मी म्हटलं. "अभिनयाबद्दल काही लिहिलंय का?"

मेघनाने घसा खाकरला. "'छुप्या कॅमेऱ्याने एका भ्रष्ट अधिकारी महिलेला पकडण्याचं तुमचं धाडस विलक्षण आहे. तिच्यावर कारवाई झाली का? तुमच्या सुरक्षिततेसाठी तिच्यापासून दूर राहा.'"

महेंद्र सोफ्यावर आडवा पडून हसत होता. मेघनाने लगेच उत्तर लिहिलं, की ती बाई माझी आजी आहे, आम्ही एकाच घरात राहतो. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं: 'अशा कुटुंबात राहूनही तू या कामात उतरलीस! उद्घाटनाचं भाषण तूच करावंस, अशी आमची इच्छा आहे.'

उद्घाटनाचं भाषण! जगभरातल्या मुलांसमोर! माझा ऊर भरून आला. पण मेघना कपाळाला हात लावून पुन्हा लिहायला बसली.

"काय लिहितेस?"

"खरं काय ते. ते नाटक होतं, तू तशी नाहीस. आधीच्या पत्रात नीट सांगायचं राहिलं."

"अगं, राहू दे ना," मी हळूच म्हटलं. "भाषण होऊ दे. आल्यावर सांग सावकाश."

मेघनाने माझ्याकडे पाहिलं. दर्शनाने पाहिलं. महेंद्र पुन्हा हसायला लागला होता, तो थांबला, त्यानेही पाहिलं.

पत्र त्याच मिनिटाला गेलं.

उत्तर छान आलं. निवड कायम. उद्घाटनाचं भाषण मात्र आता दुसऱ्या देशातली एक मुलगी करणार आहे. मेघनाकडे त्यांनी दुसरं सत्र दिलंय. विषय आहे, 'घरातल्या वडीलधाऱ्यांना कसं समजवावं.'

त्यात ती उदाहरण कोणाचं देणार आहे, हे मी अजून विचारलेलं नाही.